रत्नागिरीचे फुरसे आणि वीस मिनिटांची काचनळी

१८६२ सालच्या डिसेंबरात रत्नागिरी जिल्ह्यात आठ दिवसांत १ लाख १५ हजारांहून अधिक फुरशी मारली गेली. सरकारने फुरशामागे बक्षीस लावले होते. सड्यावरचे दगड उलथून, गडग्यांच्या फटी उसकून लोकांनी ती शोधली, मारली आणि मोजून दिली. ही मोहीम त्या आठवड्यापुरती नव्हती. जी. डब्ल्यू. विडाल हे सनदी अधिकारी जिल्ह्यात होते, सापांचे जाणकार होते आणि रत्नागिरीच्या गॅझेटिअरच्या कामातही त्यांचा हात होता. त्यांच्या नोंदींप्रमाणे पुढच्या काळात सलग सहा वर्षे, वर्षाला सरासरी सव्वादोन लाख फुरशी या जिल्ह्यात मारली गेली. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचाही मोठा भाग होता. एवढी संहारमोहीम होऊनही फुरसे संपले नाही. हा साप अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देतो. आणि कोकणातला कातळ त्याला जसा मानवतो तसे दुसरे ठिकाण क्वचितच असेल.

जांभ्याचा सडा उन्हात तापतो, रात्री निवतो. त्याच्या भेगांत आणि सुट्या दगडांखाली जेमतेम फूट-दीड फूट लांबीचे, मातकट रंगाचे हे जनावर पडून असते. डिवचले तर वेटोळ्यावर वेटोळे घासून खरवडल्यासारखा आवाज करते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चावते. गवत कापणारा हात, गडगा रचताना दगडाखाली गेलेली बोटे, बागेत काळोखात पडलेले अनवाणी पाऊल, हेच त्याला सापडते. म्हणजे चावते ते राबणाऱ्यालाच.

मात्र फुरशाचे विष नागाच्या विषासारखे घाई करत नाही. नाग चावला की काही तासांत पापण्या मिटू लागतात, श्वास अडतो. फुरसे चावलेला माणूस पहिल्या दिवशी बोलतो, चालतो, पेज पितो. पाय सुजतो, ठणकतो, तेवढेच. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त झिरपू लागते, लघवी लाल होते, जुन्या जखमेचे तोंड पुन्हा उघडते. मरण यायचे ते कित्येकदा चार-पाच दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा. या सवडीनेच कोकणाचा घात केला. साप चावला असे न म्हणता घरात ‘पान लागले’ म्हणायचे, विष उतरवणाऱ्याला बोलवायचे, आणि दोन दिवस माणूस बरा दिसला की उतारा लागू पडला असे समजायचे. विष न टोचता झालेले कोरडे दंशही बरेच असतात. ती माणसे आपोआप बरी व्हायची आणि मांत्रिकाचे नाव व्हायचे. कोण वाचणार आणि कोण जाणार, हे पहिल्या दिवशी ओळखण्याचे साधनच कोणाकडे नव्हते.

इंग्रज डॉक्टरांकडेही नव्हते, हे सांगायला हवे. जोसेफ फेरर यांनी १८७२ मध्ये भारतातल्या विषारी सापांवर मोठा ग्रंथ काढला, कित्येक औषधे करून पाहिली, आणि यातले काहीही उपयोगी नाही अशाच निष्कर्षाला ते येत गेले. अमोनिया झाला, दारू पाजून झाली. १९०४च्या सुमारास लिओनार्ड रॉजर्स यांनी दंशाच्या जागी चीर देऊन पोटॅशियम परमँगनेटचे खडे चोळण्याचा उपाय पुढे आणला आणि त्यासाठी छोट्या नश्तराच्या डब्याही निघाल्या. फुरसे चावलेल्या माणसाच्या बाबतीत हा उपाय म्हणजे संकट होते. ज्याचे रक्त गोठण्याचे थांबले आहे त्याच्या पायाला चीर द्यायची, तर ती चीर वाहतच राहणार. रक्त गोठते आहे की नाही, हा प्रश्नच तेव्हा कोणी रुग्णाच्या अंथरुणापाशी विचारत नव्हते.

प्रयोगशाळेत मात्र तो विचारला जात होता. फेलिचे फोंताना या इटालियन संशोधकाने १७८१ मध्येच व्हायपर जातीच्या सापाचे विष आणि रक्ताचे गोठणे यांचा संबंध दाखवला होता. १८९३ मध्ये ऑस्ट्रेलियात चार्ल्स मार्टिन यांनी तिथल्या काळ्या सापाच्या विषावर काम करताना एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. विष एकदम जास्त गेले तर रक्तवाहिन्यांत रक्त गोठते. थोडे आणि सावकाश गेले तर रक्त गोठेनासेच होते. एकाच विषाची ही दोन उलटी रूपे कशी, हे कळायला पुढे बरीच वर्षे गेली.

उत्तर असे आहे. रक्तात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन विरघळलेले असते, लिटरमागे साधारण दोन ते चार ग्रॅम. जखम झाली की रक्तातले प्रोथ्रॉम्बिन थ्रॉम्बिन बनते, थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनचे धागे करते आणि त्या जाळ्यात रक्त धरते, दुधाला विरजण लावल्यावर दही धरावे तसे. फुरशाच्या विषातले एक द्रव्य हेच काम जखम नसताना, अंगभर सुरू करते. रक्तवाहिन्यांत बारीक बारीक धागे बनत राहतात, शरीर ते विरघळवत राहते, आणि काही तासांत फायब्रिनोजेनचा साठाच रिता होतो. मग खरोखर गरज पडेल तेव्हा गोठायला काही उरत नाही. प्रोथ्रॉम्बिनला चाळवणारे हे द्रव्य प्रागचे कोर्नालिक आणि स्टॉकहोमचे ब्लोमबेक यांनी १९७५ मध्ये नीट तपासून मांडले. फुरशाचे शास्त्रीय नाव एकिस, त्यावरून त्याला एकॅरिन म्हणतात.

या कहाणीचा मधला एक अध्याय मुंबईत घडला. प्लेगची लस काढणारे वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात आली. तिथे जॉर्ज लॅम या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नाग आणि घोणस यांच्या विषांचा रक्तावर काय परिणाम होतो ते तपासले. फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषाविरुद्ध घोड्याच्या रक्तातून प्रतिविष तयार केले होते आणि ते सगळ्या सापांवर चालेल अशी त्यांची धारणा होती. ती खोटी असल्याचे दाखवणाऱ्यांत लॅम होते. नागाचे प्रतिविष घोणसाच्या विषापुढे लुळे पडत होते. ज्या जातीचे विष, तिचेच प्रतिविष हवे.

या शोधाचा अर्थ रत्नागिरीसाठी कडू होता. कसौलीला प्रतिविष बनू लागले ते नाग आणि घोणस या दोघांपुरते. ज्या सापाने या जिल्ह्यात सर्वाधिक माणसे चावली, तो त्यात नव्हता. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांविरुद्ध एकच प्रतिविष हाफकिन संस्थेत तयार होऊ लागले ते शतकाच्या मध्याकडे. त्यासाठी लागणारी फुरशी कोकणातून परळला जात. पूर्वी बक्षिसासाठी मारला जाणारा साप आता जिवंत पकडून विषासाठी पाठवला जाऊ लागला. संस्थेतले सर्पतज्ज्ञ पी. जे. देवरस यांनी १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतीय सापांवर पुस्तक लिहिले, तोवर प्रतिविषाच्या कुप्या जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळांत ओळखीच्या झाल्या होत्या.

औषध आले, पण ते द्यायचे कोणाला? हे प्रतिविष म्हणजे घोड्याच्या रक्तातली प्रथिने. काहींना त्याची जबर अॅलर्जी येते, रक्तदाब कोसळतो, घसा सुजतो. हाताशी अॅड्रिनलिन नसेल तर औषधच जीव घेते. शिवाय कुप्या थोड्या, आणि एका रुग्णाला आठ-दहा लागतात. कोरड्या दंशाला त्या घालवल्या तर संध्याकाळी येणाऱ्या खऱ्या रुग्णाला उरत नाहीत. उलट, ‘माणूस बरा दिसतो, थांबून पाहू’ म्हणत बसले तर तिसऱ्या दिवशी मेंदूत रक्तस्राव होतो. डॉक्टरला हवी होती ती एक तपासणी, खेड्यात होणारी, विजेवर न चालणारी आणि तासाच्या आत उत्तर देणारी.

तिचे मूळ साधे आहे. काचेच्या नळीत रक्त घेऊन ते किती वेळात गोठते ते मोजायचे, ही रीत बॉस्टनच्या ली आणि व्हाइट यांनी १९१३ मध्ये घालून दिली होती. पन्नास वर्षांनी मलायात, पिनांगच्या इस्पितळात अॅलिस्टर रीड तिथल्या व्हायपरच्या दंशाचे रुग्ण पाहत होते. रुग्णाच्या रक्ताची नळी वाकडी करून गुठळी बसली का, घट्ट आहे का, एवढेच पाहिले तरी विष किती भिनले ते कळते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांची निरीक्षणे १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. १९७०च्या दशकात डेव्हिड वॉरेल उत्तर नायजेरियात झारियाला होते. तिथला शत्रू आपल्या फुरशाचाच आफ्रिकी भाऊबंद. १९७७ मधल्या त्यांच्या लेखाने या साध्या परीक्षेला सर्पदंशाच्या उपचारात पक्की जागा मिळवून दिली. ब्राझीलमध्ये सानो-मार्टिन्स आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ती प्रयोगशाळेच्या मोजमापांशी ताडून पाहिली: वीस मिनिटांत रक्त गोठले नाही, तर फायब्रिनोजेन लिटरमागे अर्ध्या ग्रॅमच्या खाली गेलेले असते. भारताच्या २००७ सालच्या राष्ट्रीय सर्पदंश उपचारपद्धतीत ही परीक्षा मुख्य आधार म्हणून आली.

ती कशी होते ते नीट पाहण्याजोगे आहे. शिरेतून दोन मिलिलिटर ताजे रक्त काढायचे. स्वच्छ, कोरड्या, काचेच्या नव्या नळीत सोडायचे. नळीला चिकटपट्टी लावून तिच्यावर वेळ लिहायची, ती उभी ठेवायची आणि वीस मिनिटे तिला हात लावायचा नाही. हलवून बघायचे नाही, मध्येच तिरकी करायची नाही. वीस मिनिटे झाली की एकदाच कलती करायची. रक्त जागचे हलले नाही तर ते गोठले. धार लागली तर गोठलेले नाही, आणि प्रतिविष लगेच सुरू करायचे.

इथे काच महत्त्वाची. काचेचा पृष्ठभाग रक्तातली गोठण्याची साखळी चालू करतो. प्लॅस्टिक ते काम नीट करत नाही. साबणाने धुतलेल्या नळीवर साबणाचा अंश राहतो आणि निरोगी माणसाचे रक्तही पातळ राहते. म्हणून शंका आली तर नातेवाइकाचे रक्त दुसऱ्या नळीत घेऊन शेजारी ठेवतात. तेही गोठले नाही, तर दोष नळीचा.

नळीतले रक्त गोठले म्हणजे सुटलो, असे मात्र नाही. फुरशाचे विष सावकाश शोषले जाते. म्हणून पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने आणि पुढे दर तासाने परीक्षा पुन्हा करायची. प्रतिविष दिल्यानंतर सहा तासांनी करायची, कारण विष मारले गेले तरी नवे फायब्रिनोजेन बनवायला यकृताला तेवढा वेळ लागतो. या सहा तासांचे गणित कळण्याआधी, रक्त अजून गोठत नाही म्हणून कुप्यांवर कुप्या चढवल्या जात. आता तेवढे थांबता येते. नाग आणि मण्यार चावल्यावर रक्त व्यवस्थित गोठते, त्यामुळे तिथे ही नळी काहीच सांगत नाही. तिथे पापण्या आणि श्वासच पाहावा लागतो. आणि चापडा नावाच्या सापाने विष टोचले तर रक्तात बिघाड होऊ शकतो, पण आपल्या चार सापांच्या प्रतिविषात त्याच्यावर उतारा नाही.

काचनळीची परीक्षा रूढ होत होती त्याच काळात शहरांतल्या तातडीच्या विभागांत रक्ताच्या गुठळीचा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला जात होता. पाय सुजलेला किंवा छातीत कळ येऊन दम लागलेला रुग्ण आला की डॉक्टरला भीती असते ती शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी अडकल्याची. प्रत्येकाचे स्कॅन करणे शक्य नसते. शरीर गुठळी विरघळवू लागले की तिच्या धाग्यांचे जोडीने बांधलेले तुकडे रक्तात येतात, त्यांना डी-डायमर म्हणतात. १९८३ मध्ये ब्रिस्बेनच्या संशोधकांनी फक्त या तुकड्यांनाच धरणारे प्रतिपिंड तयार केले आणि त्यांची चाचणी शक्य झाली. १९९०च्या दशकात कॅनडात फिलिप वेल्स यांनी लक्षणांवरून धोक्याचे गुण मोजण्याची रीत बसवली. धोका कमी आणि डी-डायमर मिलिलिटरमागे ५०० नॅनोग्रॅमच्या खाली, तर गुठळी नाही असे धरून रुग्णाला स्कॅनशिवाय घरी पाठवता येते. पन्नाशीच्या पुढे ही मर्यादा वयाप्रमाणे वाढवली तरी चालते, हे २०१४ मधल्या एका युरोपीय अभ्यासाने दाखवले.

हा शब्द कोकणातल्या घराघरांत पोचला तो २०२० आणि २०२१ मध्ये. कोविडच्या रिपोर्टवर डी-डायमरचा आकडा पाहून माणसे हबकत. कोविडमध्ये तो आकडा धोक्याची सूचना म्हणून वापरला गेला, पण या चाचणीचे मूळ बळ नाही म्हणण्यात आहे. आकडा कमी असला तर गुठळीची शक्यता सोडून देता येते. वाढलेला असला तर तेवढ्याने काही सिद्ध होत नाही, कारण बाळंतपण, शस्त्रक्रिया, ताप, म्हातारपण अशा कशानेही तो वाढतो. फुरशाच्या दंशातही तो भरमसाट वाढतो, कारण धागे बनत आणि विरघळत असतातच. पण रात्री अकराला आलेल्या शेतकऱ्यासाठी डॉक्टरला जो निर्णय घ्यायचा असतो, त्यासाठी काचनळीच पुरते.

आणि ज्या विषांनी कोकणाचे रक्त पातळ केले, त्यांनी औषधशास्त्राला दिलेही बरेच. १९३४ मध्ये लंडनमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमांवर घोणसाचे अगदी पातळ केलेले विष लावून रक्त थांबवले. रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांची मात्रा मोजायला आज एकॅरिन वापरतात. फुरशाच्या विषात १९८०च्या दशकात सापडलेल्या एकिस्टॅटिनच्या रचनेवरून टिरोफिबॅन हे औषध घडवले गेले. हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी वाढू नये म्हणून ते शिरेतून देतात. गडग्यातल्या त्या फूटभर जनावराचे हे ऋण अतिदक्षता विभागात वावरणाऱ्यांनाही फारसे ठाऊक नसते.

महाराष्ट्रात सर्पदंशाच्या उपचाराला खरे बळ दिले ते तालुक्याच्या गावी राहिलेल्या डॉक्टरांनी. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगडमधल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि विंचूदंशावरच्या कामामुळे जगभर माहीत झाले. २००२ मध्ये त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या सर्पदंशांचा अनुभवही मांडला. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडहून डॉ. पुंडे यांनी २००५ मध्ये ग्रामीण सर्पदंशावरच्या दहा वर्षांच्या उपचारांचा हिशेब प्रसिद्ध केला. मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळाची वाट न बघता त्यांनी गावातच रुग्ण वाचवले, याचे मोल माझ्या लेखी फार मोठे आहे.

तरीही आकडे सुन्न करतात. घरोघर जाऊन मृत्यूची कारणे विचारणाऱ्या राष्ट्रीय पाहणीतून २०११ मध्ये कळले की भारतात वर्षाला सुमारे ४६ हजार माणसे सर्पदंशाने मरतात. २०२० मध्ये आलेल्या पुढच्या हिशेबात २००० ते २०१९ या वीस वर्षांतले मृत्यू १२ लाखांच्या आसपास, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातले आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करण्याचे लक्ष्य ठेवले. भारत सरकारची राष्ट्रीय कृतियोजना मार्च २०२४ मध्ये आली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राने प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी असे राज्यांना कळवले.

नळीवर आंधळा विश्वास ठेवणेही बरे नाही. २०१३ मध्ये श्रीलंकेतल्या घोणसदंशाच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, नेहमीच्या कामाच्या रगाड्यात केलेल्या या परीक्षेने रक्तातला बिघाड असलेले निम्म्याहून अधिक रुग्ण ओळखलेच नाहीत. पुढे प्रशिक्षित हातांनी, योग्य नळीत तीच परीक्षा केली तेव्हा ती बरीच अचूक ठरली. बॅटरीवर चालणारी छोटी यंत्रे आता येत आहेत आणि मोठ्या इस्पितळात ती जरूर असावीत. पण कातळावरच्या वाडीपासून सर्वात जवळ असते ते प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथल्या फडताळात नव्या काचनळ्यांचा खोका, भिंतीवर चालू घड्याळ आणि वीस मिनिटे नळीला हात न लावण्याची शिस्त असलेली परिचारिका, एवढे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या प्रत्येक केंद्रात असायला पैसा फार लागत नाही. ग्रामसभेने मागावे असे हे आहे.

आणि वाचकांनी एवढे करावे. फुरसे चावले तर चीर देऊ नका, आवळून बांधू नका, उतारा करणाऱ्याकडे थांबू नका. चावल्याची वेळ लक्षात ठेवा आणि १०८ला फोन करा. दवाखान्यात पोचल्यावर ‘वीस मिनिटांची रक्ताची परीक्षा केली का?’ असे डॉक्टरांना विचारा. पहिल्या नळीत रक्त गोठले, तरी चोवीस तास दवाखाना सोडू नका.